वाइनची मांडणी: उघडा रॅक, कूलर की काचेची भिंत?

दिवाणखान्यात वाइन मांडायची म्हटली की इंटिरिअर डिझायनर बहुतेक तीन चित्रं पुढे ठेवतो: भिंतीवरचा उघडा रॅक, काचेच्या दाराचा कूलर म्हणजे वाइनसाठीचा छोटा फ्रिज आणि जमिनीपासून छतापर्यंतची काचेची थंड भिंत. तिन्ही देखणी दिसतात. पण निवड चित्र बघून करू नका. तुमच्याकडच्या बाटल्या किती दिवस टिकवायच्या आहेत आणि मे महिन्यात तुमच्या दिवाणखान्यात दुपारी किती अंश असतात, यावर ती ठरवा. वाइन 12 ते 14 अंश सेल्सिअसला, अंधारात आणि एकसारख्या तापमानात नीट राहते. पुण्यात उन्हाळ्यात पारा 40 ला टेकतो आणि नागपुरात 45 च्या पुढे जातो.

उघडा रॅक सगळ्यांत स्वस्त, आणि माझ्या मते दिसायलाही सगळ्यांत सुंदर. भिंतीतून निघालेल्या धातूच्या खुंट्यांवर आडव्या बाटल्या, लेबलं समोर, एवढं पुरतं. चौकटींच्या रॅकमध्ये बाटल्या जास्त मावतात, पण समोर दिसतात ती फक्त तोंडं. भरलेल्या 750 मिलीच्या बाटलीचं वजन सव्वा किलोच्या आसपास असतं. म्हणजे 48 बाटल्यांचा भार साठ किलो. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या असतात. त्यांत साधे रावळप्लग धरत नाहीत, त्या ब्लॉकसाठीचेच फास्टनर मागून घ्या.

रॅकची खरी अडचण उजेड आणि उष्णतेची. उजेडातल्या अतिनील आणि निळ्या भागामुळे वाइनमध्ये गंधकयुक्त संयुगं तयार होतात आणि उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. पारदर्शक बाटलीतली रोझे आणि व्हाइट सगळ्यांत आधी बिघडतात, गडद हिरव्या काचेतली रेड त्या मानाने तग धरते. म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत रॅकसाठी नकोच. एलईडी पट्टी लावायची तर पिवळसर उजेडाची, आणि पाहुणे आले की लावायची. रॅकवर महिन्याभरात संपतील तेवढ्याच बाटल्या ठेवाव्यात, ऐन उन्हाळ्यात त्याही काढून घ्याव्यात. नाशिककडच्या पुष्कळ वाइन फिरकीच्या झाकणात येतात आणि ताज्या पिण्यासाठीच केलेल्या असतात. त्यांना आडवं ठेवायची सक्ती नाही. बूच असलेली बाटली मात्र फार दिवस उभी राहिली तर बूच सुकतं आणि हवा आत शिरते.

कूलरची निवड दिसते तेवढी सोपी नाही, म्हणून इथे जरा थांबतो. पेल्टिअर तंत्रावरचे, म्हणजे कंप्रेसरशिवाय थेट विजेवर थंड करणारे कूलर शांत चालतात, थरथरत नाहीत आणि स्वस्तही असतात. पण ते खोलीच्या तापमानापेक्षा साधारण 10 ते 15 अंशच खाली जाऊ शकतात. खोलीत 38 अंश असतील तर आत 23 ते 28 राहणार, म्हणजे ज्या दिवसांत गरज सर्वांत जास्त त्याच दिवसांत ते कमी पडणार. विदर्भ-मराठवाड्यात तर कंप्रेसरचाच घ्या, थोडा आवाज सोसावा लागला तरी चालेल. दुसरी गोष्ट सुताराला आधीच सांगायची. स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या कूलरची उष्णता बहुधा मागून किंवा बाजूने बाहेर पडते. असा कूलर प्लायवूडच्या चौकटीत गच्च बसवला तर कोंडलेल्या गरम हवेने कंप्रेसर लवकर जातो. फर्निचरमध्ये बसवायचा असेल तर पुढून हवा सोडणाराच हवा. आणि ‘24 बाटल्यांचा’ ही मोजणी सरळ खांद्याच्या बोर्दो बाटल्यांची असते. स्पार्कलिंगच्या जाडजूड बाटल्या ठेवल्या की आकडा घटतो.

काचेची भिंत आलिशान घरातच शोभते आणि तिथे ती डोळ्यांचं पारणं फेडते, हे मान्य. पण ती फर्निचर नाही, चक्क शीतगृह आहे. घरचा एसी साधारण 16 अंशांवर थांबतो आणि हवा कोरडी करतो. इथे वेगळं शीतकरण यंत्र लागतं, आणि त्याची उष्णता बाहेर टाकायला जागाही. मुंबईत आणि कोकणपट्टीत याहून मोठी परीक्षा दमटपणाची. बाहेर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असली की 26 अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. आत 13 अंश आणि मधे एकेरी काच असेल, तर पावसाळाभर काचेवरून पाणी ओघळेल आणि लाकडी फरशी फुगेल. दुहेरी इन्सुलेटेड काच, दाराला पक्कं गॅस्केट (फटी बंद करणारी रबरी पट्टी) आणि भिंतीत बाष्परोधक थर, यांतलं काहीही गाळून काम स्वस्त करू देऊ नका.

मला विचाराल तर बहुतेक घरांना मध्यम कंप्रेसर कूलर आणि शेजारी आठ-दहा बाटल्यांचा छोटा रॅक, एवढं पुरेसं आहे. अकलूजची फ्रातेल्ली सेत्ते किंवा सुलाची रासा अशा चार-पाच वर्षं ठेवायच्या रेड वाइन कूलरमध्ये जाव्यात, या आठवड्यात उघडायच्या त्या रॅकवर. काचेची भिंत त्यानेच करावी ज्याच्या संग्रहात वर्षानुवर्षं मुरायच्या शे-दीडशे बाटल्या खरोखर आहेत.

तेवढा साठा करण्याआधी कायदाही बघा. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात मद्य बाळगायला परवाना लागतो आणि घरात किती ठेवता येईल यालाही मर्यादा आहे. रचनेवर सही करण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन तो आकडा विचारा आणि मगच डिझायनरला कप्पे मोजायला सांगा.