फोनवरचे मोफत पंचांग ठाण्यासाठी कसे आहे?

गृहप्रवेश, दुकानाचे उद्घाटन, नव्या गाडीची डिलिव्हरी, काहीही ठरले की ठाण्यात आता भिंतीवरच्या पंचांगाआधी फोन उघडला जातो. हे ॲप त्यासाठी वाईट नाही. मराठी शुद्ध आहे, अक्षर ठळक आहे, तिथी-वार-नक्षत्र-योग-करण पाचही अंगे एकाच पानावर दिसतात. तिथी आणि नक्षत्र संपण्याच्या वेळा छापील पंचांगाशी जुळतात, कारण त्या देशभर एकच असतात. चूक होते ती सूर्योदयावरून मोजायच्या वेळांत.

ॲप पहिल्यांदा उघडले की शहर दिल्ली असते, आणि बरेच जण ते बदलतच नाहीत. सोमवारचा राहुकाळ, म्हणजे शुभकामाला टाळायचा काळ, घ्या. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळाचे आठ समान भाग करायचे आणि त्यातला दुसरा भाग धरायचा. २१ जूनच्या सुमारास दिल्लीत सूर्य ५:२४ला उगवतो, ठाण्यात ६:०२ला. त्यामुळे दिल्लीच्या हिशेबाने राहुकाळ ७:०९ ते ८:५३, तर ठाण्याच्या हिशेबाने ७:४१ ते ९:२०. जांभळी नाक्यावर कुणी ‘आता मोकळे आहे’ म्हणून नऊ वाजता नारळ फोडला, तर तो बरोबर राहुकाळात फुटतो. सेटिंगमध्ये ‘स्थान’ उघडून ठाणे निवडा; ऐरोली-वाशीकरांनीही ठाणे ठेवले तरी चालेल, फरक काही सेकंदांचाच पडतो.

‘सोमवारी साडेसात ते नऊ’ हे पाठ केलेले कोष्टक सहाला उगवून सहाला मावळणाऱ्या सूर्याचे आहे. ठाण्यात २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्योदय ७:०७च्या आसपास असतो, एक भाग साधारण ८२ मिनिटांचा होतो आणि सोमवारचा राहुकाळ ८:२९ ते ९:५२ येतो. जूनमध्ये तोच भाग साडेनव्याण्णव मिनिटांचा असतो. स्थान नीट भरले की ॲप हे गणित अचूक करते, आणि त्याची खरी किंमत इथेच आहे. पारसिकच्या डोंगरामागून सूर्य उशिरा दिसतो म्हणून वेळ पुढे ढकलू नका. गणित क्षितिजाचे असते. छापील पंचांगाशी तीन-चार मिनिटांचा फरक पडला तर घाबरू नका. कुणी सूर्यबिंबाचा वरचा काठ आणि हवेतले प्रकाशाचे वक्रीभवन धरतो, कुणी नुसता मध्य.

चौघडियांच्या, म्हणजे दिवसाच्या आणि रात्रीच्या आठ-आठ शुभ-अशुभ भागांच्या पानावर मात्र मोठी त्रुटी आहे. अमृत, शुभ, लाभ हिरव्या रंगात, राहुकाळ वेगळ्या पानावर. गुरुवारी सहावा भाग राहुकाळाचा आणि सहावे चौघडियेही अमृताचेच! मंगळवारी सातवा भाग राहुकाळाचा आणि सातवे चौघडिये शुभ. म्हणजे जूनमधल्या गुरुवारी दुपारी २:२० ते ३:५९ ॲप हिरवे दाखवते आणि राहुकाळ पाळणारा माणूस फसतो. दोन्ही पद्धती मानत असाल तर आधी राहुकाळ वगळा, मग उरलेल्यात चौघडिये निवडा. एकाच पट्टीवर दोन्ही दाखवणे काही अवघड नव्हते.

अभिजित, म्हणजे भर दुपारचा शुभ मुहूर्त, ठीक मोजला आहे: दिवसाच्या पंधरा भागांतला आठवा, ठाण्यात जूनमध्ये साधारण १२:१३ ते १:०६. पण बुधवारी अभिजित घेत नाहीत आणि ॲप तो बुधवारीही तसाच दाखवते. भद्रेचेही, म्हणजे शुभकामाला टाळायच्या करणाचेही तेच. करणाच्या (अर्ध्या तिथीच्या) ओळीत नुसते ‘विष्टि’ लिहिलेले असते आणि विष्टि म्हणजेच भद्रा हे नवख्याला कळत नाही. पौर्णिमेचा पूर्वार्ध भद्रेचाच असतो, त्यामुळे राखी बांधायची वेळ बघताना ही ओळ चुकवून चालत नाही.

मध्यरात्रीनंतरच्या वेळाही जपून वाचा. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, ॲपचा बाराला. रविवारी रात्री एकला ते ‘सोमवार’ म्हणते, पण रात्रीची चौघडिये रविवारचीच मोजायची असतात.

रोजच्या कामाला, प्रवासाला, खरेदीला पाचपैकी साडेतीन. लग्न आणि वास्तुशांतीसाठी हे ॲप वापरू नका. तिथे लग्नशुद्धी (त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास योग्य आहे का) आणि चंद्रबळ (तुमच्या राशीला चंद्र अनुकूल आहे का) पाहावे लागते आणि या ॲपमध्ये दोन्ही नाहीत.