दुकानात चालू होणारा, घरी मेलेला नवा लॅपटॉप

रात्री नीट बंद केलेला नवा कोरा लॅपटॉप सकाळी बटण दाबल्यावर ढिम्म. विक्रेत्याकडे नेला की तो चार्जर काढतो, बटण तीस सेकंद दाबून धरतो, चार्जर परत लावतो आणि लॅपटॉप सुरू! "नवीन मशीनला होतं हो असं, अपडेट मारा." दोन दिवसांनी पुन्हा तेच. अशा तीन खेपांत बदलून द्यायची मुदत उलटते, मग ऐकायला मिळतं, "आता सर्व्हिस सेंटरला दाखवा."

बटण दाबून धरलं की बोर्डावर उरलेला चार्ज निघून जातो आणि पॉवर सांभाळणारी कंट्रोलर चिप नव्याने सुरू होते. ती एखाद्या वेळी अडकली तर समजू शकतं. बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट केल्यानेही दुखणं कधी जातं, पण ते एकदाच करून बघायचं. त्यानंतरही अडकत असेल तर बोर्ड, बॅटरी किंवा चार्जिंगचं सॉकेट असं आतलं काहीतरी खराब असण्याचीच शक्यता जास्त, आणि दुकानदाराला हे चांगलं ठाऊक असतं. (अपडेटनंतर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेवढ्यात बटण दाबू नका.)

नुकतंच चाललेलं मशीन लगेच उठतं, म्हणून दुकानातली चाचणी फुकट. ती घरीच करा. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतं. चार्जर काढून रात्रभर ठेवा. सकाळी आधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, मग बटण दाबा. नंतर चार्जर लावून पुन्हा. दिवे आणि बोट एकाच चौकटीत दिसू द्या. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का बघा. तसं होत असेल तर बोर्ड जिवंत आहे, गोची डिस्प्लेची असू शकते.

परत आलेला माल नवा म्हणून खपवल्याचा संशय असेल तर खोका, तळाचं स्टिकर आणि बायोस, तिन्हीकडचा सिरियल नंबर जुळवा. कंपनीच्या साइटवर वॉरंटी खरेदीच्या बऱ्याच आधी सुरू झालेली दिसली, तर बिल पुढे करून जाब विचारा. एसएसडीचे (फाइली साठवणाऱ्या आतल्या डिस्कचे) चालू तास शेकड्यांत असतील, तर ते मशीन आधी कुणीतरी वापरलंय. खालचे स्क्रू मात्र स्वतः उघडू नका, वॉरंटी नाकारायला ते निमित्त त्यांना आयतंच मिळतं.

जॉबशीटवर, म्हणजे तक्रार आणि तपासणीची नोंद असलेल्या कागदावर, दुकानवाले "तपासले, दोष आढळला नाही" एवढंच लिहितात. "बारा तास बंद ठेवल्यावर सुरू होत नाही, व्हिडिओ दाखवला" हे वाक्य तारखेसकट लिहून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि पहिल्याच खेपेला घ्या. तिसऱ्या खेपेची तारीख मुदतीबाहेरची असते.