आईसाठी करून घेतलेला, कॉल आपोआप उचलणारा प्रोग्रॅम

आईला संधिवात आहे. मोबाइलवरचं हिरवं बटण सरकवेपर्यंत रिंग संपते, आणि इकडे इंदूरच्या शीतलामाता बाजारातल्या दुकानात साड्यांच्या घड्या घालता घालता माझा जीव टांगणीला. स्काइपमध्ये कॉल आपोआप उचलायची सेटिंग होती, पण मे २०२५मध्ये स्काइपच बंद झालं. मग विजयनगरच्या एका पोराकडून सुदामानगरच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम करून घेतला.

काम चोख आहे. तसं नुसतं कॉल उचलणं लिनफोन, मायक्रोसिपसारखे सिप फोन, म्हणजे इंटरनेटवरून कॉल करायचे प्रोग्रॅम, फुकटात करतात. सिप खातं काढायची खटपट जमत असेल तर खुशाल तेच घ्या. मी पैसे मोजले ते उचलण्याआधीच्या पंधरा सेकंदांचे. आधी मोठ्ठी घंटा वाजते, स्क्रीनभर माझा फोटो येतो आणि माझ्याच आवाजात ‘आई, मी गं’ ऐकू येतं. नको असेल तर तिने स्पेसबारवर हात आपटायचा, कॉल गेला! अंघोळीहून येता येता समोर जावईबापू दिसले तर कसं व्हायचं?

प्रोग्रॅम इलेक्ट्रॉनवर बांधलाय, म्हणजे क्रोमच्याच पायावर कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनवायच्या साधनावर. क्रोममध्ये एखाद्या साइटला कॅमेरा हवा असला की आधी आपल्याला विचारलं जातं. इलेक्ट्रॉनमध्ये बनवणाऱ्याने स्वतः अट घातली नाही, तर परवानगी आपसूक मिळते. हे त्यानेच सांगितलं आणि घातलेली अट उघडून दाखवली. आईचा कॅमेरा फक्त यादीतल्यांसाठी सुरू होतो: मी, दादा, बडोद्याची मावशी. कुणाकडूनही असं काही करून घ्याल तर हे आधी विचारा, भाव नंतर.

आता तक्रारी. विंडोज अपडेट होऊन मशीन परत सुरू झालं की लॉगिनपाशी अडकायचं, कारण प्रोग्रॅम लॉगिननंतरच चालू होतो. शेजारच्या काकूंना हाक मारावी लागे. ‘ताई, ऑटो-लॉगिन करून देतो’ म्हणाला. दिलं, पण बरंच मागे लागल्यावर. शिवाय दुकानातला मोबाइल डेटा आणि घरचं ब्रॉडबँड थेट जुळलं नाही तर कॉल मधल्या टर्न सर्व्हरवरून जातो, त्याचं भाडं वेगळं. हे व्यवहार ठरतानाच सांगायला नको?

साधे स्पीकर असूनही आवाज घुमत नाही. चित्र तर इतकं स्वच्छ, की परवा मी माहेश्वरी उलगडून दाखवत होते, तर आई गिऱ्हाइकासमोरच म्हणाली, ‘काठ बरा आहे, पण एवढी महाग?’