शिरढोण-चिरनेर-चरी एक दिवसाची सहल: पैसे वसूल, पण चरीवर अन्याय

पनवेलहून पिकअप, माणशी १८००, जेवण त्यातच. कोकणात बीच आणि किल्ला सोडून इंग्रजांच्या काळातल्या लढ्यांची गावं पण कोणीतरी दाखवतं म्हणून बुक केली.

गाईड दादा पेणकडचा. 'इथे हुतात्मे झाले, हात जोडा, चला' असं करत नाही, आधी सरकारने लोकांच्या पोटावर कसा पाय दिला ते सांगतो. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांच्या वाड्यात १८७६-७८ च्या दुष्काळावरच जास्त बोलला, माणसं मरतायत, धान्य बोटीने बाहेर चाललंय आणि शेतसाऱ्याचा तगादा चालूच. मग पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणारा माणूस रामोशी गोळा करून सरकारवर का उठला ते वेगळं सांगावं लागत नाही. १८८३ ला एडनमध्ये कैदेतच गेला बिचारा.

चिरनेर तर बघाच. २५ सप्टेंबर १९३०, अक्कादेवीचा माळ, जंगल सत्याग्रहावर गोळीबार, आठ सत्याग्रही गेले. दादा म्हणाला, चुलीला फाटी, गुरांना चारा, घराला वासा लोक आणणार कुठून? रानातूनच ना. १८७८ च्या कायद्याने रानं राखीव केली, १९२७ च्या कायद्याने ते अजून पक्कं झालं, म्हणजे बापजाद्यांच्या रानात कोयता घेऊन शिरलं की गुन्हेगार. हुतात्म्यांत नाग्या कातकरी पण आहे, कातकऱ्याला रान सोडून दुसरं होतं काय.

जेवण एका घरी, तांदळाची भाकरी, जवळा, बोंबलाचं कालवण, एक नंबर. शाकाहारी असाल तर आधी फोन करा, आमच्यातल्या एका काकूंनी वरणभातावर भागवलं.

आता तक्रार. चरी हा सगळ्यात भारी विषय आणि तिथे पोचेपर्यंत अंधार, घाईघाईत उरकलं. अहो १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांनी संप केला, खोतांची, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसलीच नाही! संपाचे पुढारी नारायण नागू पाटील, त्यांच्या मागे उभे राहिले, घरात दाणा नसला तरी. खोत इंग्रजांच्या आधीपासूनचे, पण सारा आयता मिळतोय म्हणून इंग्रजांनी ती पद्धत चालू ठेवली आणि कुळं भरडली गेली. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती रद्द करायचं बिल आणलं ते संप चालू असतानाच. हे सगळं दादाला माहितीये, पण विचारून विचारून काढावं लागलं. वडखळचं ट्रॅफिक काय आज लागलंय का, सकाळी तासभर लवकर निघा की.

५ पैकी ४. पावसाळ्यात जाणार असाल तर चपला नको, बूट घाला.