स्पिंडलचा वेग: ०-१० व्होल्ट की मॉडबस?

छोट्या सीएनसी राउटरला (संगणकाच्या आदेशाने लाकूड कोरणारं यंत्र) व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) आणि ४०० हर्ट्झचा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) जोडला की जी-कोडमधला, म्हणजे यंत्राच्या आदेशांच्या फाइलमधला, एसचा (वेगाचा) आकडा व्हीएफडीपर्यंत पोचवायचे दोन मार्ग उरतात. एक, कंट्रोलरच्या पीडब्ल्यूएमचं (वेगाने चालू-बंद होणाऱ्या पल्सचं) ०-१० व्होल्टमध्ये रूपांतर करून ते व्हीएफडीच्या व्हीआय (व्होल्टेज इनपुट) टर्मिनलला देणं. दुसरा, आरएस-४८५च्या दोन तारांवरून मॉडबसने (उपकरणांच्या डिजिटल संवादाची एक पद्धत) आकडा सांगणं. व्हीएफडीवरचं नॉब हाताने फिरवणं हाही मार्ग आहेच, आणि एकाच लाकडावर एकाच कटरने काम करणाऱ्याला तो पुरतोसुद्धा.

अर्डुइनो ऊनो बोर्डवर मूळ जीआरबीएल १.१ हे फर्मवेअर चालत असेल तर निवड जवळपास झालेली आहे, कारण त्यात मॉडबस नाही. ईएसपी३२ चिपवर फ्लुइडएनसी हे फर्मवेअर किंवा एखाद्या ३२-बिट बोर्डवर जीआरबीएलहॅल असेल तरच खरा प्रश्न पडतो.

अ‍ॅनालॉगची (०-१० व्होल्टची) मोठी सोय म्हणजे बिघाड मल्टिमीटरने सापडतो. व्हीआयची तार सोडवा, $३० (जीआरबीएलमधला कमाल वेग) मध्ये २४००० ठेवा आणि एम३ (स्पिंडल चालू) एस१२००० द्या. ऊनोच्या डी११ पिनवर डीसी रेंजमध्ये साधारण २.५ व्होल्ट दिसायला हवेत, कन्व्हर्टरच्या आउटपुटला ५. डी११ बरोबर आणि आउटपुट चुकीचं असेल तर कन्व्हर्टरवरचा ट्रिमर फिरवा. दोन्ही बरोबर असूनही वेग चुकत असेल तर दोष व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये. पाच मिनिटांत निम्मं कोडं सुटतं.

नेहमीचे दोष ठरलेले आहेत. कोणताही एस दिला तरी स्पिंडल फुल स्पीडला जातो? $३० मूळच्या १०००वर राहिलेला असतो. वेग सगळीकडे ठरावीक प्रमाणात कमी येतो? हुआनयांग या ब्रँडच्या व्हीएफडीवर पीडी०७२ (पूर्ण व्होल्टेजला मिळणारी फ्रिक्वेन्सी) हे सेटिंग बघा. तिथे ४०० ऐवजी ३०० असेल तर १२,०००च्या जागी ९,००० आरपीएम मिळणार. वरच्या टोकालाच कमी पडतो? एलएम३५८ चिपवर बनवलेल्या कन्व्हर्टरचं आउटपुट सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतं, त्यामुळे १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर जरा ढिला असला की १० व्होल्ट मिळतच नाहीत. सप्लाय १५ ते २४ व्होल्टचा घ्या. मधल्या वेगांनाच फरक पडत असेल तर संशय कन्व्हर्टरमधल्या ऑप्टोकपलरवर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा भाग). पीसी८१७सारखा संथ ऑप्टो १ किलोहर्ट्झच्या पल्सची कड खातो, ड्यूटी सायकल (पल्स चालू राहण्याचं प्रमाण) बदलते, आणि ट्रिमर कितीही फिरवला तरी मधले वेग आणि वरचं टोक एकदम जुळत नाहीत. फ्लुइडएनसीत ते स्पीड मॅपने (एस आणि ड्यूटीच्या जोड्यांचा तक्ता) सरळ करता येतं.

एक दोष मात्र धोक्याचा आहे: एम५ (स्पिंडल बंद) दिल्यावरही स्पिंडल ७,२०० आरपीएमला फिरत राहतो. ऊनोवर व्हेरिएबल स्पिंडल चालू असताना वेगळी एनेबल पिन मिळत नाही, म्हणून व्हीएफडीच्या एफओआर (पुढे फिरव) आणि डीसीएम (ग्राउंड) टर्मिनलमध्ये कायमचा जंपर टाकलेला असतो. एम५ने व्हीआय शून्यावर येतं, पण पीडी०११ मधली किमान फ्रिक्वेन्सी १२० असते आणि रनचा आदेश तसाच चालू राहतो. उपाय म्हणजे जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये दिशेची पिन एनेबल म्हणून वापरायचा पर्याय चालू करून पुन्हा कंपाइल करणं आणि डी१३वरून रिलेने एफओआर जोडणं. त्यातही एक मेख आहे. यूएसबी पोर्ट उघडला की ऊनो रीसेट होतो, बूटलोडर डी१३चा दिवा लुकलुकवतो आणि रिले टकटकतो. पोर्ट जोडून झाल्यावरच व्हीएफडीला वीज द्यायची सवय लावून घ्यावी.

हे सगळं एकदा बसवलं की बसतं, आणि तेवढ्यावर अ‍ॅनालॉगविषयी माझी तक्रार नाही. माझा कल दुसरीकडे झुकला तो वेगळ्या कारणाने: ती तार एकतर्फी आहे. कंट्रोलर व्होल्टेज सोडतो आणि स्पिंडल फिरतोय असं धरून चालतो. स्पिंडलला ४०० हर्ट्झला पोचायला १० सेकंद लागत असतील तर दुसऱ्या सेकंदाला तो जेमतेम ४,८०० आरपीएमला असतो, आणि झेड खाली उतरून २ मिमीचा कटर लाकडात घुसलेला असतो. म्हणून प्रत्येक एम३ नंतर जी४ (ठरावीक वेळ थांब) टाकायचा. कॅम सॉफ्टवेअरमधला पोस्ट प्रोसेसर (जी-कोड लिहून देणारा भाग) तो एखाद्या टूल बदलानंतर गाळतो. एका कंट्रोलरवर जी४ पी१० म्हणजे १० सेकंद, दुसऱ्या कंट्रोलरवर १० मिलिसेकंद. कटर मोडल्यावरच कळतं.

मॉडबसमध्ये कंट्रोलर व्हीएफडीला विचारतो, आउटपुट फ्रिक्वेन्सी मागितल्याएवढी होईपर्यंत थांबतो, मगच पुढची ओळ चालवतो. फाइलमध्ये जी४ असो वा नसो. ट्रिमर नाही, १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर नाही, एस१२००० म्हणजे २०० हर्ट्झ. अर्थात व्हीएफडी सांगतो ती त्याची आउटपुट फ्रिक्वेन्सी, शाफ्टचे मोजलेले आरपीएम नव्हेत. लोड आला की स्लिप होणारच, म्हणजे शाफ्ट थोडा मागे पडणारच. लाकूड आणि प्लॅस्टिकसाठी मला त्याने कधी अडलेलं नाही.

फुकट मात्र काही मिळत नाही. हुआनयांगवर पीडी००१ (आदेश कुठून) आणि पीडी००२ (वेग कुठून) दोन्ही २, पीडी१६३ मध्ये पत्ता १, पीडी१६४ मध्ये ९६०० बॉडसाठी १, पीडी१६५ मध्ये ८एन१ आरटीयू या डेटाच्या मांडणीसाठी ३, एवढं ठेवावं लागतं. एकही आकडा चुकला की समोरून पूर्ण शांतता, आणि इथे मल्टिमीटर काहीच सांगत नाही. ए आणि बी तारांची नावं दोन उत्पादकांकडे उलटी असू शकतात. त्यांची अदलाबदल करून बघायला काही बिघडत नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत आधी करावं. जुन्या हुआनयांगचे फंक्शन कोड प्रमाण मॉडबसचे नाहीत, म्हणून फर्मवेअरमध्ये नेमकं तेच मॉडेल निवडा. ईएसपी३२ला ३.३ व्होल्टवर चालणारा मॅक्स३४८५ (आरएस-४८५ची चिप) लावा. मॅक्स४८५ हा ५ व्होल्टचा आहे. १२० ओहमच्या टर्मिनेशनवर (तारेच्या टोकाचा रेझिस्टर) खूप चर्चा होते, पण दोन मीटर तारेवर ९६०० बॉडला त्याने फारसा फरक पडू नये.

खरा शत्रू नॉइज. अ‍ॅनालॉगमध्ये नॉइज शिरला तर वेग थोडा हलतो आणि काम चालू राहतं. मॉडबसमध्ये उत्तर आलं नाही की कंट्रोलर अलार्म देऊन अर्ध्या कामात उभा राहतो, आणि हे काहींना पटणार नाही हे मान्य. मोटरची केबल शील्डेड घ्या, तिचं शील्ड व्हीएफडीच्या अर्थला लावा, सिग्नलची पिळलेली जोडी तिच्यापासून निदान वीतभर दूर ठेवा आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. एवढं केल्यावर अलार्म क्वचितच येतो.

ऊनो छान चालत असेल आणि एका फाइलला एकच कटर असेल, तर निव्वळ यासाठी कंट्रोलर बदलू नका. नवीन बोर्ड घ्यायचाच असेल तर आरएस-४८५ असलेला घ्यावा, असं मी सुचवेन.

एक तार मात्र दोन्ही प्रकारांत लावा. काम चालू असताना व्हीएफडी ट्रिप झालेला (दोष येऊन बंद पडलेला) मॉडबस पकडेलच असं नाही, ते फर्मवेअरवर आहे. व्हीएफडीचा रिले फॉल्टला नेमून त्याचा नॉर्मली ओपन काँटॅक्ट फीड होल्डच्या (काम थांबवणाऱ्या) पिनला जोडा. ऊनोवर ती ए१ आणि ग्राउंड. पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला टाका, नाहीतर लांब तारेवरचा नॉइजच होल्ड देत बसेल. आणि व्हीएफडी उघडण्याआधी वीज बंद करून आतला चार्जचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा.