आकाशवाणीचं रागम: लावायचं आणि जे येईल ते ऐकायचं

आज काय ऐकू हे ठरवण्यातच अर्धा वेळ जातो ना, त्यावर आकाशवाणीचं रागम चॅनल भारी आहे, २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालं, २४ तास शास्त्रीय संगीत, न्यूज ऑन एअर ॲपवर फुकट. आपण काही निवडायचंच नाही! हिंदुस्थानी, कर्नाटक दोन्ही लागतं आणि खरी मजा तिथेच आहे. परवा मेथी निवडत होते आणि वीणेवर हिंदोलम हा कर्नाटक राग लागला, अहो सूर सगळे हिंदुस्थानीतल्या मालकंस रागाचेच, रे आणि प नाहीत, ग ध नि कोमल, पण गमका, म्हणजे सुरांना दिलेले हेलकावे, अशा की हातच थांबला. स्वतःहून कर्नाटक कोण शोधतं? ख्याल अर्ध्यात असताना लावलं तरी बिनधास्त ऐका, द्रुत, म्हणजे शेवटचा जलद भाग, तरी मिळतोच.