पुणे ते नागपूर: घर हलवून देणाऱ्या कंपनीचा अनुभव

सुमारे ७०० किलोमीटरच्या या प्रवासासाठी आम्ही निवडलेल्या कंपनीचा दर सर्वांत कमी नव्हता. परंतु इतर सारे फोनवरच आकडा सांगत असताना तिच्या माणसाने घरी येऊन माळ्यावरील पिंपापासून देव्हाऱ्यापर्यंत प्रत्येक वस्तू नोंदवली आणि लेखी अंदाजपत्रक दिले. आजीची लोणच्याची चिनीमातीची बरणी त्यांनी ज्या मायेने गुंडाळली, ते पाहून मला भरून आले. कपाटाची एक बिजागरी मात्र वाकली. बिल्टी, म्हणजे माल नोंदवल्याची वाहतूक कंपनीची पावती, जपून ठेवावी, कारण २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार भरपाईचा दावा लावण्यापूर्वी माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. विम्याची कागदपत्रे सामान चढण्यापूर्वीच मागून घ्यावीत.